एका चाकावर काढलेला आठ

माझं वेल्डिंग सुटत नाही. ही बढाई नव्हे, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. गाडी दुसरीकडे कुठेही तुटेल, पण मी जोडलंय तिथे नाही. आणि त्या मंगळवारी मीच मनातल्या मनात म्हणत होते, देवा, एवढं एक सुटू दे.

झालं असं, की माझा धाकटा भाऊ चिखलात गाड्या घालणाऱ्यांपैकी आहे. एरवी शाळेत गणित शिकवतो, चारचौघांसारखा वागतो. पण रविवार आला की जुनी जीप काढतो आणि ज्या खड्ड्याला शहाणा माणूस वळसा घालतो त्यात मुद्दाम उतरतो. दर वेळी अडकतो. मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरतं, दुसरं ढिम्म हलत नाही, आणि हा आत बसून घाम पुसतो. सोमवारी सकाळी त्याने जीप माझ्या वर्कशॉपमध्ये आणून उभी केली.

“ताई, मागचं डिफरन्शियल लॉक करायचंय. विकतचा लॉकर काही परवडत नाही. तू आतले गिअर वेल्ड करून टाक. रविवारी स्पर्धा आहे.”

मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा दिसतो ना, त्याच्या आत हे डिफरन्शियल. त्यातल्या छोट्या गिअरांमुळे वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. ते गिअर एकमेकांना चिकटवले की दोन्ही चाकं कायमची बरोबरीने फिरतात. चिखलात एक घसरलं तरी दुसरं ओढतं. पण साध्या रस्त्यावर वळायला गेलं की एक चाक फरफटतं आणि टायर बोंबलतात. हे सगळं मी त्याला नीट समजावून सांगितलं.

“वळायचं कशाला?” तो म्हणाला. “चिखल सरळच असतो.”

हा माणूस मुलांना भूमिती शिकवतो. मर मेल्या, म्हटलं, आणि कामाला लागले. गिअर धुतले, तापवले, एकेक दात भरून काढला. असं वेल्डिंग झालं की बघत राहावं. हात चालायला लागला की माझं डोकं बंद पडतं, हा जुनाच रोग आहे. ही जीप आणखी कुणी चालवतं का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

मंगळवारी दुपारी भाची दारात उभी. त्याचीच मुलगी.

“आत्या, जीपला काय झालंय? वळताना किंचाळते. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर येऊन बघितलं.”

“तुझ्या बापाला विचार.”

“उद्या दहाला माझी लायसन्सची परीक्षा आहे गं.”

मी हातातला पाना खाली ठेवला. जनावरांच्या दवाखान्याच्या फिरत्या गाडीवर तिला नोकरी लागली होती. दोन वर्षं अर्ज करून करून आता कुठे लागली होती. शनिवारच्या आत लायसन्स दाखवायचं, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. फॉर्मवर याच जीपचा नंबर टाकलेला. गाडी बदलायची तर नवी तारीख, ती तीन आठवड्यांनी. आणि परीक्षेत काय, तर खांबांच्या मधून इंग्रजी आठ काढायचा, म्हणजे नुसतं वळणच वळण.

मी भावाला बोलावून घेतलं आणि तो दारात पोचायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

“परीक्षा पुढच्या बुधवारी ना?” तो म्हणाला.

“उद्या, बाबा. तीनदा सांगितलं. तुम्ही तिन्ही वेळा ‘हं’ म्हणालात.”

तो तिथल्या टायरवर मटकन बसला. “ताई, काढता येईल का ते?”

“येईल की. कापून. मग डिफरन्शियल भंगारात आणि गाडी विटांवर. एका दिवसात दुसरं काय तुझ्या शाळेतून आणू?”

त्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहून मला आणखीच राग आला, कारण पायावर धोंडा त्याने पाडला असला तरी तो उचलून मीच दिला होता.

भाची मात्र चाकाशी उकिडवी बसून आत बघत होती. “आत्या, दोन्ही चाकं बरोबर फिरतात हीच अडचण ना? मग फिरवायचं एकच. एका बाजूचा एक्सल उपसून काढ.”

एक्सल म्हणजे त्या गोळ्यापासून चाकापर्यंत जाणारा दांडा. चांगल्या गाडीचा एक एक्सल काढला तर गाडी जागची हलत नाही, सगळा जोर रिकाम्या बाजूला वाया जातो. पण इथे आत माझं वेल्डिंग होतं. उरलेल्या चाकाला जोर मिळणारच होता. वीस वर्षं मशीन धरतेय मी, आणि हे मला सुचू नये?

आठ बोल्ट काढून डावा एक्सल उपसला. या जीपचं चाक एक्सलवर टेकलेलं नसतं, ते जागेवरच राहिलं, मोकळं फिरत. तेल गळू नये म्हणून तिथे पत्र्याचं झाकण बसवलं. भाचीने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. जीप हूं की चूं न करता वळली.

बुधवारी मैदानाच्या कुंपणापाशी मी आणि भाऊ उभे. परीक्षा घेणारे साहेब किडकिडीत, चष्मा कपाळावर, भाचीच्या शेजारी बसलेले. आठ तर तिने असा काढला की एका खांबालाही धक्का नाही. माझ्या जिवात जीव आला.

मग चढ. मधे थांबायचं आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं. चढावर सगळी सुटी खडी, फक्त उजव्या कडेला सिमेंटची पट्टी. जोर एकट्या उजव्या चाकाला. खडीवर ते फिरत बसलं असतं. भाची अगदी कडेला गेली, उजवं चाक पट्टीवर घेतलं, थांबली आणि सरळ वर निघून गेली. भावाने माझं मनगट इतकं आवळलं होतं की दोन दिवस वळ होते.

साहेब खाली उतरले. “सगळे मधून चढतात. तू कडेला का चिकटलीस?”

सवय आहे म्हण, पोरी, मी मनात म्हटलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण तिने सगळं सांगितलं. वेल्डिंग, एक्सल, झाकण, सगळं. साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी गुडघ्यावर बसून झाकणावर टकटक केलं.

“हे कुणी केलं?”

“मी,” मी कुंपणावरून म्हटलं.

“नाही साहेब, चूक माझी,” भाऊ म्हणाला. “ती नुसती वेल्डर आहे.”

नुसती! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याला सोडला नसता.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग एक कागद भाचीला दिला, एक भावाला. “मुलगी पास. गाडी नापास. नीट डिफरन्शियल बसेपर्यंत ही स्वतःच्या इंजिनावर कुठेही जाणार नाही. स्पर्धेलासुद्धा नाही.”

भावाने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, जसा मुलांचा पेपर वाचतो तसा, आणि सही केली. “पास म्हणजे पक्की पास ना?” एवढंच त्याने विचारलं. मला रडू आलं. लाज कसली त्यात.

जीप माझ्या टेंपोला दोराने बांधली. भावाने सवयीने स्टिअरिंगकडचं दार उघडलं आणि तिथेच थांबला. भाचीला गाडी मी माझ्या टेंपोवर शिकवली. ती चालवत असताना तो कधी शेजारी बसला नव्हता, म्हणे काळीज तोंडात येतं. आता त्याने दार तिच्यासाठी धरून ठेवलं, मागून फिरून पलीकडे गेला आणि शेजारच्या सीटवर बसला.

मैदानाच्या फाटकापर्यंत मला आरशात दिसत होतं, तो ताठ होऊन आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दोन्ही पायांनी दाबत होता. पहिल्या वळणानंतर पुन्हा पाहिलं, तर तो मागे टेकून खिडकीतून बाहेर बघत होता.