झोपेतून उठलेला माईक

आमच्या घरात माणूस खोलीतून उठला की पाठोपाठ तिथला दिवा मालवला जातो. मालवणारे माझे सासरे. उभी हयात वीज खात्यात गेली. बाबा निवृत्त झाले, त्यांचा हात काही निवृत्त होत नाही.

त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. गोष्टींची पुस्तकं आवाजात उतरवणारी एक कंपनी अकरा वाजता ऑनलाइन माझं वाचन ऐकणार होती. आधी अशाच दोन कंपन्यांनी नाही म्हटलं होतं. हे काम मला हवंच होतं, म्हणून आठवडाभर रोज एकाच गोष्टीचा सराव करत होते.

आणि माईक मुका! पहाटे ठणठणीत होता. चहा घेऊन आले, झोपलेला लॅपटॉप जागा केला, तर आवाज गुल. वायर काढली, घातली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. लॅपटॉप पुरता बंद करून सुरू केला की चालायचा, उठून आले की पुन्हा तेच. नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला,

"झोपेतून उठल्यावरच बिघडतो ना? मग झोपवतं कोण त्याला?"

मागे वळले, तर बाबा दारात.

"बाबा, झाकण तुम्ही लावता?"

"मग? कोणी नसताना चालू ठेवायचं? वीज काय फुकट येते?"

माझं डोकंच फिरलं. पण भांडायलाही वेळ नव्हता. सेटिंग उघडून माईकपाशी पोहोचले. तिथे लिहिलं होतं: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे. पुढे बरोबरची खूण केलेली. मला रागातही हसू फुटलं.

"बाबा, हा तर तुमच्याच वळणावर गेलाय. बंद करायचं बरोबर लक्षात, चालू करायचं विसरतो."

बाबांनी चष्मा पुसून ती ओळ वाचली. "काढ ती खूण," ते म्हणाले. आमचे बाबा! मग त्यांनीच झाकण लावलं, थोडं थांबून उघडलं. "हं, बोल आता."

मी बोलले. पडद्यावरची हिरवी पट्टी टुणकन उडाली.

अकराला वाचायला बसले. गोष्टीतला नावाडी नदीच्या मधोमध पोहोचला आणि पलीकडच्या बाई म्हणाल्या, "पुरे." मी पुस्तक मिटलं. मग त्यांनीच विचारलं, "सोमवारपासून जमेल?"

धावत बाहेर आले. बाबा दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते.

"मिळालं, बाबा!"

"मिळणारच होतं," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "पण त्या नावाड्याचं काय झालं गं? आठवडाभर त्याला पाण्यात सोडून उठतेस."

म्हणजे रोज ऐकत होते! मला भरून आलं. मी पुस्तक उघडलं. बाबा आत आले आणि बसण्याआधी त्यांनी दिवा लावला, भर दिवसा.