शांत वर्ग

"चांगल्या आहेत ना बाई? मग तोंड मिटून घरी जा. गावभर सांगत सुटू नका."

शाळेच्या फाटकापाशी जुन्या बाईंनी मला हे ऐकवलं, तेव्हा मला हसू आलं होतं. दुसरीच्या दोन तुकड्या. 'अ' नुकत्याच आलेल्या नव्या बाईंकडे, 'ब' जुन्या बाईंकडे. शेजारच्या वर्गाचं कौतुक ऐकून कुणाच्याही पोटात दुखणारच, असं मी मनातल्या मनात म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी किराणा दुकानात, भाजीवालीपाशी, जिथे म्हणून चार बायका भेटल्या तिथे सांगत सुटले.

सांगण्यासारखं होतंच तसं. आमची मुलगी, तिला आम्ही मुंगी म्हणतो, घरात अखंड टकळी चालवायची, पण शाळेत गेली की तोंडाला कुलूप. पहिलीचं अख्खं वर्ष ती वर्गात एक शब्द बोलली नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. मी डॉक्टरांना दाखवलं, पुस्तकं वाचली. सासूबाई म्हणायच्या, "बोलेल गं. तिचा बाप तरी कुठे बोलायचा? घुम्याच होता." यावर तिचा बाप वर्तमानपत्रामागून नुसतं "हं" म्हणायचा.

नव्या बाई आल्या, मुंगी त्यांच्या 'अ' मध्ये पडली आणि सकाळी न रडता शाळेत जायला लागली. ज्याच्या घरी हे झालं नाही त्याला यातली गंमत कळायची नाही.

आमची शाळा लहान. चांगले शिक्षक इथे येतात ते दुसरीकडे जागा मिळेपर्यंत. बॅग पुरती उघडतही नाहीत. पालकांची प्रतिनिधी म्हणून मी शाळेच्या समितीवर होते, त्यामुळे मुलाखतींना मीही बसले होते. एका उमेदवाराने आम्हालाच विचारलं होतं, "इथून स्टेशन किती लांब पडतं?" नव्या बाईंनी विचारलं, "वर्गाच्या खिडक्या कुठल्या बाजूला आहेत?" तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिला सोडायचं नाही. हिने आधी खिडकी विचारली." वर्षभर काम बघायचं आणि मग कायम करायचं, असं ठरलं.

'सोडायचं नाही' हे आम्ही सगळ्यांनी फारच मनावर घेतलं.

पहिल्यांदा 'ब' मधली एक आई आली. आमच्या मुलाला 'अ' मध्ये टाका. मग तिची जाऊ आली. मग औषधाच्या दुकानाचे मालक, तेच समितीचे अध्यक्ष, त्यांनी आपल्या नातवाला हलवलं, आणि एकदा अध्यक्षांचा नातू हलला म्हटल्यावर बांध फुटला. मोठ्या बाई कुणाला नाही म्हणेनात. नाही म्हटलं तर पालक मूल उचलून शेजारच्या गावच्या शाळेत घालतील ही भीती त्यांच्या उशाशीच असायची. बाकावर दोघं बसायची तिथे तिघं बसू लागली, मग चौघं. जो कुणाला ऐकत नाही तो नव्या बाईंकडे, ज्याला वाचता येत नाही तो नव्या बाईंकडे. गॅदरिंग बसवायचं, नव्या बाई. प्रार्थना घ्यायची, नव्या बाई. त्यांना जमतं ना! भिंतीपलीकडे जुन्या बाई उरलेली थोडीथोडकी मुलं घेऊन बसायच्या. त्यांच्या वर्गातून पाढे म्हटल्याचा आवाज यायचा, तो रिकाम्या भांड्यात नाणं वाजावं तसा.

सहामाही झाल्यावर 'अ' तुकडी एकाएकी शांत झाली.

शांत म्हणजे किती? एवढी मुलं आणि बाहेरच्या पोर्चमध्ये उभं राहिलं तर नुसता खडूचा आवाज. बाई हात वर करायच्या, मुलं थांबायची. बाई फळ्यावर लिहायच्या, मुलं लिहायची. काही सांगायचं असलं तर त्या पुटपुटल्यासारखं सांगायच्या आणि ते ऐकू यावं म्हणून चाळीसएक डोकी पुढे झुकायची. दारातून बघताना वाऱ्याने झुकलेलं शेत दिसावं तसं दिसायचं. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन यायला लागले. दाराशी थांबून, तोंडावर बोट ठेवून, देवळातल्यासारखे दाखवायचे. "बघा. छडी नाही, ओरडा नाही. याला म्हणतात शिस्त."

आणि त्याच दिवसांत मुंगी वर्गात बोलली. उभी राहून एक ओळ वाचली, अगदी हळू, पण वाचली. घरी आल्यावर मी विचारलं, "कसं काय बोललीस गं?"

"बाई पण हळूच बोलतात," ती म्हणाली. "मोठ्याने बोललेलं मला टोचतं."

मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं. मी याला ताबडतोब पद्धत म्हणून टाकलं. समितीच्या पुढच्या बैठकीत त्यावर बोललेसुद्धा, दोन इंग्रजी शब्द घालून. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि 'ब' मध्ये उरलेल्यांतली आणखी काही मुलं 'अ' कडे निघाली. जुन्या बाई तेवढ्या टेबलावरच्या काचेकडे बघत होत्या.

मग टँकरचा दिवस.

शाळेच्या टाकीत पाणी टाकायला टँकर यायचा, तो शाळा सुटल्यावर. त्या दिवशी लवकर आला. मी मुंगीला न्यायला फाटकात उभी होते. टँकर मागे येत होता आणि पहिलीतली एक मुलगी, डब्याचं झाकण घरंगळलं म्हणून, त्याच्या मागच्या चाकाशी वाकली. ड्रायव्हरला ती दिसायचं कारणच नव्हतं. माझ्या आणि तिच्या मध्ये अख्खं मैदान. नव्या बाई पायऱ्यांवर होत्या, तिला बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

ताणलेली मान मला फाटकातूनही दिसली. आवाज नाही. काहीच नाही. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काही नाही. मीच ओरडले, पण इंजिनाच्या घरघरीत माझं कुणाला ऐकू गेलं नाही. मग बाई पायऱ्या उतरल्या नाहीत, खाली पडल्यासारख्या धावल्या, आणि त्या मुलीला दप्तराला धरून मागे ओढलं.

ड्रायव्हर खाली उतरला तो पांढराफटक. "अहो बाई, तोंडात जीभ नाही का? एक हाक मारायची ना! पोर गेली असती की!"

बाईंनी त्याला हात जोडले.

मुलं गेल्यावर मी मुंगीला झोक्यापाशी बसवलं आणि वर्गात गेले. बाई बाकावर बसल्या होत्या, गुडघा खरचटला होता त्यावर रुमाल धरून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सहामाहीपासून." तो आवाज नव्हता, नुसता श्वास होता. "सकाळी थोडा असतो. मधल्या सुट्टीपर्यंत संपतो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"घशात गाठी आहेत, साध्याच. दोन महिने बोलायचं नाही म्हणाले." त्या हसल्या. "बाईला सांगतात, बोलू नका. माशाला सांगावं तसं, पोहू नकोस."

"मग रजा घ्या ना!"

"कायम करायचं ठरायचंय अजून. घसा गेलेली बाई कोण ठेवेल? आणि रजा घेतली तर एवढी मुलं कुठे जातील? आया भांडून भांडून घेऊन आल्यात इकडे." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तेवढी माया त्यांनी दाखवली. "तुम्ही नका बोलू कुठे. वर्षअखेरपर्यंत ओढते मी."

काही कबूल न करता मी मुंगीला घेऊन निघाले. रिक्षात मुंगी माझ्या मांडीवर बसून बाईंनी सांगितलेली गोष्ट सांगत होती, अगदी बाईंसारखी, श्वासाश्वासात. ज्याला मी पद्धत म्हणत होते ती एका बाईच्या गळ्यातली जखम होती, आणि माझी मुलगी तिच्या आधाराने बोलायला शिकत होती. गप्प बसले तर मुंगी वर्षभर बोलेल. बाईंचं काय होईल? बोलले तर बाईंची नोकरी, मुंगीचा आवाज, दोन्ही जाईल कदाचित. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. नवरा म्हणाला, "समितीला सांग आणि मोकळी हो." त्याला काय जातंय सांगायला!

शेवटी मी जुन्या बाईंकडे गेले. त्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"मला माहितीय," त्या म्हणाल्या. "मधे एकच भिंत आहे. मला कळणार नाही का, पलीकडची बाई बोलते की नाही?"

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असता, म्हातारीला जळजळ झाली. म्हणाला नसता?" त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "मीपण कधीतरी नवी बाई होते, बरं का. माझ्याही वर्गात खिडकीत मुलं बसायची. मोठं कौतुक होतं माझं. मग एके वर्षी मी ठरवलं, आपण बेताचंच शिकवायचं. बेताचं शिकवणाऱ्या बाईला कुणी खात नाही." त्यांनी पुढची वही ओढली. "तिला तसं व्हायला लागू नये, एवढंच. बैठकीत बोला तुम्ही. मी आहे."

बैठकीच्या सकाळी मी नव्या बाईंना गाठून सांगितलं, "मी आज सांगणार आहे."

"मी नको म्हटलं तर?"

"तरी."

त्यांनी डस्टर झटकलं. मग म्हणाल्या, "मुंगीला तुम्हीच सांगा मग. माझ्याकडून कळायला नको."

बैठकीत मी सांगितलं तसे अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "घसा? अहो, त्या माझ्याच दुकानातून रोज गोळ्या नेतात घशाच्या. मला वाटलं, पोरांना वाटत असतील." कुणीतरी हसलं. मग ते गंभीर झाले. "नाही, पण मग कायम करायचं म्हणजे विचार करावा लागेल. आवाज नसलेली बाई म्हणजे चाक नसलेली गाडी."

"गाडीत माणसं किती कोंबलीत ते आधी बघा," जुन्या बाई म्हणाल्या. "मग चाकाला नावं ठेवा."

"म्हणजे काय करायचं म्हणता?"

"'ब' ची पोरं 'ब' ला परत द्या. मी काय खाते का त्यांना? तिला दोन महिने भरपगारी रजा द्या. आणि आजच कायम करा. आजारी पडली म्हणून नाही, चांगली आहे म्हणून. चांगली म्हणूनच आजारी पडलीय."

मोठ्या बाईंनी पालकांकडे बघून विचारलं, "कोण कोण परत जाईल 'ब' मध्ये?"

एकाच्या मुलाला म्हणे 'ब' च्या वर्गात येणारं पश्चिमेचं ऊन सोसत नव्हतं. एकीच्या मुलीची मैत्रीण 'अ' मध्ये होती. अध्यक्षांनी घड्याळात बघितलं. मी हात वर केला. "आमची द्या," म्हटलं. आणखी कुणाचाही हात वर आला नाही.

ठरलं ते असं: रजा द्यायची. बाकीचं पुढच्या वर्षी बघू. आमच्या समितीच्या 'बघू'त मुलींच्या संडासाचं दार, वाचनालय आणि एक अख्खा जिना आजवर गडप झालेला आहे.

नव्या बाई भावाकडे गेल्या. बदली शिक्षक मागवला, तो आला नाही. त्यामुळे दोन्ही तुकड्या आता एकाच वर्गात, जुन्या बाईंसमोर बसतात. मी हात वर केला होता त्याला तसा काही अर्थच उरला नाही. मुंगी शाळेत पुन्हा गप्प आहे. रडत नाही. हजेरीला हात वर करते.

परवा मी नव्या बाईंना फोन लावला. भावाने उचलला. "तिला बोलायची बंदी आहे. पण ऐकतेय ती. हो म्हणायचं असेल तर फोनवर बोटाने वाजवेल." मी मुंगीचं सांगितलं, टँकर आता शाळा सुटल्यावरच येतो ते सांगितलं. मधे मधे टक् असं वाजायचं. बरं वाटतंय का विचारलं. टक्. मग मी विचारलं, "परत येणार ना?"

मी थांबले. पलीकडे कुठेतरी भांडी लावल्याचा आवाज येत होता. "असू दे," मी म्हटलं, "घाई नाही," आणि फोन ठेवला.

आता मुंगीला आणायला जाते तेव्हा फाटकात न थांबता वर्गाच्या खिडकीपर्यंत जाते. जुन्या बाईंचा आवाज आज कसा आहे ते ऐकते. अजून खणखणीत आहे. काल मात्र शेवटच्या तासाला दोनदा फाटला. मी मोठ्या बाईंना तिथल्या तिथे जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू."

तुमच्या मुलांच्या शाळेत एखादा वर्ग फार शांत असेल, किंवा एखाद्या बाईंचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडी असेल, तर एवढं कराच. कौतुक करायला नको. शाळा सुटल्यावर, मुलं गेल्यावर जा, आणि त्यांना काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर नुसती मान हलवून देता येणार नाही असं. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.