झाकलेला हुकूम

ओल्या फडक्याखाली तो उंचवटा आला आणि सोसाम्माचा हात आपोआप हलका झाला... मेणकापडावर छापलेली द्राक्षं, घडाला चिकटलेलं एक हिरवं पान, आणि पानाच्या डाव्या अंगाला ती कड — डोळ्यांना दिसत नाही, बोटांना मात्र बरोबर लागते. तिथून फडकं कसं फिरवायचं तर झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. पुढे मग मीनकरीचे पिवळे डाग, केकचा चुरा, काल टिजोनं सांडलेली घरची वाइन — तिथं हवा तेवढा जोर लावावा, घासावं, पुटपुटावं. नाताळ कालच झाला होता. घरात दोन माणसं वाढली की मेजाची काय दशा होते ते ती एकटी राहून विसरूनच गेली होती.

मेणकापडाखाली पत्त्यांतलं एक पान आहे. पालथं. ते कुठलं, हे तिला माहीत नाही.

"अम्मच्ची, हे बदलूया ना आता?" फेबा दारातून म्हणाली. तिच्या हातात बेंगळुरूहून आणलेली गुंडाळी होती, नवं मेणकापड, पांढऱ्यावर निळे ठिपके. चार महिन्यांची सून. टिजोबरोबर पहिल्यांदाच सणाला आलेली. सासूच्या घरात कुठली वस्तू हलवावी आणि कुठली हलवू नये याचा अंदाज घेत वावरणारी. सोसाम्मा म्हणाली, नव्या वर्षाला बदलू, आत्ता पुन्हा डाग पडतील. कडा तडकल्या होत्या, कोपऱ्यात खालचं लाकूड दिसत होतं, आणि आपण अगदीच पोरकट कारण दिलं हे तिला बोलता बोलताच कळलं. फेबानं गुंडाळी कपाटावर ठेवून दिली. वाद घातला नाही. हिला शहाणी म्हणावं की परकी... दोन्ही दिसायला सारखंच.

कप्पा, म्हणजे साबुदाण्याचे कंद, सोलायला दोघी मागच्या पायरीवर बसल्या तेव्हा फेबानं संध्याकाळचा विषय काढला. औसेप्प-उप्पापन, टिजोचे धाकटे काका, येणार, मग आपण चौघं, मग पत्ते व्हायलाच हवेत. तिनं एक रंगीत पत्त्यांचा नवा डबाही आणला होता, नुसते रंग आणि आकडे, राजा-राणी नसलेला. तिच्या ऑफिसात महिन्यातून एकदा सगळे मिळून खेळतात आणि कुठला खेळ घ्यायचा ते ही ठरवते म्हणे. किती जण आहेत, कोणाला काय येतं, हरल्यावर कोण रुसतं... "डाव पत्ते बघून नाही ठरवायचा अम्मच्ची. माणसं बघून ठरवायचा." कप्प्याचं गुलाबी साल एका ओढीत निघालं तसा तिला आनंद झाला, आणि सोसाम्माला मनातल्या मनात हसू आलं. अगं, या घरात दोन वर्षं मीच ठरवते. बहिणीची नातवंडं आली — गाढव खेळू. प्रार्थना-मंडळाच्या बायका आल्या — गाढवच खेळू, फार डोकं नको. तिघं असले तर उत्तमच, पानं सारखी वाटली जातात, एक कमी आहे याचा कोणाला पत्ताही लागत नाही. एखादं पान नसलं तरी चालतं असे खेळ कुठले, याची एवढी माहिती साऱ्या पाला गावात कोणाला नसेल... आणि लोक म्हणतात, सोसाम्मा आता पोरांचे डाव खेळते, कुरियाच्चन गेल्यापासून तिनं अठ्ठावीस सोडलं ते सोडलंच.

अठ्ठावीस म्हणजे समोरासमोरचे भिडू. कुरियाच्चन खिडकीकडे, ती स्वयंपाकघराच्या दाराकडे. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात त्यानं तिला शिकवलं, गुलाम सगळ्यात मोठा, त्याखाली नव्वी, राजा-राणीला इथे कोणी विचारत नाही... ती म्हणाली होती, बरं झालं, एक तरी घर असं आहे. चार पानं बघून बोली लावायची. ज्याची बोली सर्वांत मोठी त्यानं हुकूम ठरवायचा, आणि त्या रंगाचं एक पान आपल्यापुढे पालथं घालायचं. तो कुठला रंग, हे त्याला एकट्यालाच ठाऊक. समोरच्या भिडूनंसुद्धा अंदाजच करायचा. कुरियाच्चनला अंदाज आवडायचे. रबराच्या भावाचे, पावसाचे, बिशपच्या प्रवचनाच्या लांबीचे, आणि बहुतेक चुकायचे. ते चुकले की हिशेब तिच्या कानांना चुकता करावा लागे. हरलेल्या जोडीनं माडाखाली गळून पडलेला सुपारीएवढा कोवळा नारळ झावळीच्या काडीनं कानात लटकवायचा, कुणुक्कू म्हणून, आणि पुढचा डाव जिंकेपर्यंत तसंच बसायचं. एकदा चर्चचे व्हिकार अच्चन दारात आले तेव्हा ती दोन्ही कानांत कुणुक्कू घालून चहा द्यायला गेली होती.

आणि त्या दिवशी... विरुद्ध बाजूला औसेप्प आणि त्याचा शेजारी. कुरियाच्चननं चार पानं उचलली, पाहिली न पाहिली, आणि म्हणाला, चोवीस. चोवीस! कोणी बोलतं का एवढं? तिनं खेळाचा नियम मोडून विचारलं, "कशाच्या जोरावर बोलताय एवढं?" तो हसला. खालचा एक दात नव्हता त्याला. पान पालथं घातलं, वर बोटानं टक् केलं. उरलेली पानं वाटली गेली, तिनं उचलली, तर बदामाचा गुलाम, बदामाची नव्वी, बदामाचा एक्का — एका हातात! त्याचा हुकूम बदाम असेल तर... ती वर बघणार तेवढ्यात तो म्हणाला, "सोसे, जरा पाणी दे गं." ती उठली. परत आली तोवर त्याची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती.

बाकीची पानं कोणीतरी गोळा करून डब्यात टाकली. सगळं उरकून ती घरात एकटी उरली तेव्हा ते एक पान त्याच्या जागेपुढे तसंच होतं, कोणाच्यातरी कपाच्या बशीखाली अर्धं दबलेलं. तिनं मेणकापडाची कड उचलली आणि ते होतं तिथंच, होतं तसंच आत सरकवलं. डब्यातली पानं मांडून बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी नाही बघितली. बघितलं नाही तोवर ते बदाम आहे. बघितलं आणि किल्वर निघालं, इस्पिक निघालं, तर मग तो माझ्याकडे तोंड भरून हसला ते उगाचच. आणि त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे एक खेकसणं, तेही बरोबर ठरलेलं.

औसेप्प उन्हं कलल्यावर आला, तो खिशातून नारळांची चार पिल्लं काढून मेजावर मांडतच. कप्पा आणि मासे झाले, बिनदुधाचा कट्टन चहा झाला. फेबानं रंगीत डबा पुढे केला तर तो त्याच्याकडे बघून म्हणाला की दवाखान्यात पोरांना गोळ्या देतात त्या अशाच रंगाच्या असतात.

"चेडत्ती," तो वहिनीला म्हणाला, "आज गाढव बिढव चालणार नाही हां. नवी सून घरात आलीय आणि तिला काय गाढव दाखवायचं? ते तिनं नवरा म्हणून केलंच आहे की."

टिजो हसला, फेबा त्याच्याहून जास्त हसली, आणि म्हणाली की तिला अठ्ठावीस येतं, थोडं थोडं, आजोळी मामा लोक खेळायचे. आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं कपाटातला डबा उतरवला, पानं मेजावर ओतली, लहान लहान पानं बाजूला काढून उरलेल्यांच्या चार रंगांच्या चार रांगा लावायला लागली. सोसाम्मा सिंकपाशी उभी होती. थांबवायला हवं होतं. पाठमोरी उभी राहून ती कप विसळत राहिली, आणि कान मागे.

"एक पान कमी आहे," फेबा म्हणाली.

टिजो लगेच उठला. त्यात काय, जंक्शनच्या दुकानातून नवा कॅट आणतो, स्कूटरवर जाईन नि येईन. किती सोपं. नवी कोरी पानं येतील, खेळ होईल, जुना डबा कपाटावर जाईल, आणि मेणकापडाखालचं राहील मेणकापडाखाली... नव्या वर्षापर्यंत. मग नव्याखाली. मग तिच्यामागं कोणीतरी घर आवरताना उचलेल, उलटं करून बघेल आणि केरात टाकेल.

"नको," सोसाम्मा म्हणाली. तिचा तिलाच आवाज मोठा वाटला.

ती मेजाशी आली. रांगांकडे बघितलं नाही, फेबाच्या तोंडाकडेच बघत राहिली. फेबा बोटानं एक रांग परत मोजत होती, मोजून थांबली, आणि वर बघत म्हणाली, "हं, सापडलं. अम्मच्ची, कमी आहे ते —"

"बोलू नकोस."

ओला हात तिनं फेबाच्या मनगटावर ठेवला होता. टिजो दारात चप्पल पायात घालता घालता तसाच उभा. सोसाम्मानं खिडकीकडच्या खुर्चीपुढची मेणकापडाची कड उचलली. चिकटलेलं होतं, चर्र आवाज झाला. आणि दोन बोटांनी पान ओढून काढलं, पालथंच. त्याच्यावर बशीचा अर्धगोल डाग होता. औसेप्पनं ते बघितलं. त्या दिवशी तो याच मेजाशी होता, त्याला काही सांगावं लागलं नाही. तो नारळाचं एक पिल्लू उगाचच हातात फिरवायला लागला.

पान तिनं फेबाच्या तळहातावर ठेवलं. ही आता उलटं करणार... तिला वाटलं आपण डोळे मिटावेत. पण फेबानं ते तसंच, पालथंच, रांगा गोळा करून केलेल्या गठ्ठ्यात मध्येच कुठेतरी खुपसलं आणि पिसायला लागली. खूप वेळ पिसत राहिली, मेज सोडून बाहेर पानं उडतील इतकी. डाग पडलेली पाठ गठ्ठ्यात एकदा वर आली, मग आत गेली.

म्हणजे हिला ठाऊक आहे. कुठला रंग, कुठलं पान... या घरात आता ते कोणाला तरी ठाऊक आहे! सोसाम्माला वाटलं होतं असं झालं तर आपल्याजवळ काहीच उरणार नाही. तसं काही झालं नाही. उलट हातातलं ओझं क्षणभर कोणी धरावं आणि आपल्याला पदर खोचता यावा, तसं काहीतरी... ही पोरगी कप्पा सोलते, मेणकापड आणते, आणि माझ्या नवऱ्याचं शेवटचं पान तोंडात धरून गप्प बसते. अंदाज घेत वावरते म्हणून मी हिला परकी म्हणत होते.

"बसा की," औसेप्प म्हणाला. टिजो त्याच्या समोर बसला. राहिली खिडकीकडची खुर्ची. फेबानं सासूकडे बघितलं. सोसाम्मानं मानेनं खुणावलं तशी ती बसली, अगदी कडेवर, उठायला सांगितलं तर लगेच उठता यावं अशी.

टिजोनं चार चार पानं वाटली. सोसाम्मानं उचलली. तिच्यात डागाचं नव्हतं. चौकटची सत्ती, इस्पिकची राणी, किल्वरचा राजा, बदामाची अठ्ठी... मेलं, हात म्हणावा की भंगार? औसेप्प सोळा बोलला. फेबानं पानं छातीशी धरून पास म्हटलं. टिजो सतरा. सगळे तिच्याकडे बघायला लागले, आणि तिला पास म्हणायचं होतं, ओठ त्यासाठीच उघडले होते. समोर खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. त्या उजेडात ती पोर पानांच्या वरून सासूकडे बघत होती, गुलाम आपल्याजवळ आहेत की नाहीत हेसुद्धा तोंडावर दिसू न देण्याचा आटोकाट प्रयत्न करत, आणि तो प्रयत्न तेवढा स्पष्ट दिसत होता.

"चोवीस," सोसाम्मा म्हणाली.

औसेप्पच्या हातातलं नारळाचं पिल्लू खाली पडून मेजाखाली गडगडत गेलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही. तिनं बदामाची अठ्ठी काढली, मेजावरून हात लांबवून हिरव्या पानाच्या डाव्या अंगाला पालथी घातली, वर बोटानं टक् केलं.

"अम्मच्ची," फेबाच्यानं राहवेना, "कशाच्या जोरावर एवढं?"

सोसाम्मा हसली. म्हणजे हसू आधी आलं, आणि ते कोणासारखं आहे हे मागाहून कळलं... पाहिली न पाहिली, असंच उचलली होती त्यानं पानं. हातात काही नव्हतंच की काय त्याच्या? बदाम नव्हता, कुठलाच रंग नव्हता. पानांवरून नजर उचलून त्यानं फक्त समोर कोण बसलंय ते बघितलं, आणि बोलला. आणि मी मेली दोन वर्षं रंग विचारत बसले.

टिजोनं उरलेली चार चार पानं वाटली. सगळ्यांनी आपापली उचलली, फेबानं उचलली, एकदा बघितली आणि भुवया सरळ ठेवायचा तिचा तो प्रयत्न पुन्हा सुरू झाला. सोसाम्माची मात्र तिच्यापुढे तशीच पडून होती. उचलायची होती, उचलणारच होती... इतकी काय घाई.