साग की आंबा

मिस्त्रीने फळीवर चौथ्यांदा रंधा फिरवला आणि चौथ्यांदा कपाळाला आठ्या घातल्या. गोठ्याच्या जुन्या छपरातून निघालेली फळी. वरून धुराने काळीकुट्ट, आतून कसली, देव जाणे.

"साग आहे," तो म्हणाला.

"नक्की ना?" शेतकरी पुढ्यात उकिडवा बसला होता. "काल विहिरीवरची फळी मोडली तेव्हा आई काठाला लोंबकळत होती. दोघांनी ओढून काढली. आता ह्याच फळीवर उभी राहून सून पाणी शेंदणार."

मिस्त्रीला राग आला. चाळीस वर्षांत असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. दुरून बघून तो लाकडाचं नाव सांगायचा आणि गाव मान डोलवायचं. पण वर्षभरापासून डोळ्यांवर पडदा आला होता. सगळंच पिवळट तपकिरी दिसायचं. बायकोच्या हिरव्या लुगड्याला तो पिवळं म्हणाला, तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती. तरी खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून खायचं काय?

बायको चुलीसाठी ढलप्या गोळा करायला आली. मूठभर उचलल्या आणि तिथंच थांबली.

"हा साग नाही हो."

"तू चूल सांभाळ."

"चूलच सांभाळतेय. इतकी वर्षं तुमचं लाकूड मीच जाळलंय. सागाची ढलपी हाताला तेलकट लागते, ही कोरडी ठणठणीत. रेघा बघा, एक सरळ नाही, नुसते धागे सुटलेत. रंगही फिका, मधूनच गुलाबी. आंबा आहे हा. पाण्यापाशी दोन पावसाळे टिकायचा नाही."

शेतकरी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

मिस्त्रीने फळीवरून अंगठा फिरवला. धागे टोचले. हे आधी का नाही केलं, ते त्याला ठाऊक होतं. हाताने चाचपलं असतं, तर डोळे गेल्याचं गावाला कळलं असतं. लपवून लपवून तो पार थकला होता.

"आंबाच आहे," तो हळूच म्हणाला. "मला दिसत नाही रे आता."

बायकोच्या हातातल्या ढलप्या खाली पडल्या. शेतकऱ्याने फळी बाजूला सरकवली.

"घरी आणखी दोन आहेत, मिस्त्री. घेऊन येतो. पण मग दाखवू कुणाला?"

मिस्त्रीने रंधा उलटा करून पातं अंगठ्याने तपासलं.

"हिला दाखव. ही नाव सांगेल, मी रंधा मारेन."