अर्धापूरच्या पिकअपचा प्रेशर गेज

मी एक काळवंडलेला प्रेशर गेज आहे, मित्रांनो. माझी काच तडकली आहे आणि रबरी नळी वितळून तिची गाठ झाली आहे. तुम्ही मला पाहिलंत तर मोडकं घड्याळ समजाल. पण मला एकच काटा आहे. गाडीच्या नळीत पेट्रोल किती जोरानं येतं, ते तो दाखवतो.

मला नांदेडच्या दुकानातून अर्धापूरच्या दयानंदनं आणलं. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या पिकअपमधून तो केळीचे घड बाजारात नेई. चढाला गाडी दम टाकू लागली की तो अंगणात मला जोडायचा. त्याची शिस्त बघून मला बरं वाटे. इंजिन थंड होऊ द्यायचं, पंपाचा फ्यूज काढून नळीतला दाब उतरवायचा, रेतीची बादली हाताशी ठेवायची. तपासून झालं की माझं बटण दाबून उरलेलं पेट्रोल डब्यात सोडायचं आणि काटा शून्यावर आल्यावरच मला काढायचं. सगळ्याच्या आधी तो घरात सांगायचा, “माय, आज गाडीपाशी दिवा आणू नको. पेट्रोलचं काम हाय.”

कारण त्याची आई विठाबाई रोज सकाळी गाडी ओवाळायची. इंजिनचा आवाज झाला की लेक निघाला असं समजून ती निरांजनाचं ताट घेऊन बाहेर यायची. “सुखानं जा, लेकरा,” म्हणायची. तिच्या त्या शब्दांत मलाही माझा वाटा आहे असं वाटायचं.

त्या सकाळी शेतात घड कापून पडले होते आणि व्यापाऱ्याचे फोनवर फोन येत होते. गडबडीत दयानंद आईला सांगायचं विसरला. त्यानं मला जोडलं, इंजिन चालू करून दाब पाहिला, इंजिन बंद केलं. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. फोन मानेशी धरून बोलता बोलताच तो मला सोडवू लागला. बटण दाबायचं राहून गेलं होतं. माझा काटा वरच होता. मी जीव तोडून दाखवत होतो, पण त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

सांधा सुटला आणि पेट्रोलची चिळकांडी त्याच्या हातांवर उडाली. इंजिनचा आवाज ऐकून विठाबाई ताट घेऊन गाडीपाशी पोचलीच होती. भडका उडाला. दयानंदची बायको उज्वला धावत आली, तिनं रेती टाकून आग विझवली. पण तोवर त्याचे दोन्ही हात भाजून निकामी झाले होते. आता बोटं मिटत नाहीत. उज्वला त्याला घास भरवते, पिकअप अंगणात गंजते आहे.

विठाबाई धड जेवत नाही. दयानंद तिला कळवळून सांगतो, “माय, चूक माझी हाय. मी दाब उतरवला न्हाई.”

“माझं मन राखायला खोटं बोलून राहिलास,” ती म्हणते. “माझ्याच हातानं जाळलं मी तुला.”

मित्रांनो, पेट्रोलचं काम सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला सांगा, आणि मला काढण्याआधी एकदा माझ्याकडे बघा. माझं आता काही व्हायचं नाही, मला भंगारात टाका. फक्त त्याआधी कुणीतरी त्या माउलीला पटवून द्या, की तिचा लेक खरं बोलतो आहे. मी ते पाहिलं आहे, पण मला तिच्याशी बोलता येत नाही.