सगळ्यांच्या आवडीचा कार्यक्रम

“तिला आवडतं म्हणून बसायचं. आजचा दिवस काढला की सुटलो.”

सासूबाई हे सासऱ्यांच्या कानाशी लागून बोलल्या, तेव्हा मी नुकताच बंद झालो होतो. बंद टीव्हीसमोर माणसं मोकळेपणाने बोलतात. त्यांना वाटतं, आता हा झोपला. पण काच काळी झाली की तिच्यात अख्खी खोली दिसते. दारात चहाचा ट्रे धरून उभी राहिलेली सूनबाईही मला दिसली. ती दोघं माझ्याकडे बघत असती, तर त्यांनाही दिसली असती.

तर मी टीव्ही. एवढे दिवस दुसऱ्यांचं बोललो, आज थोडं स्वतःचं सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. डोळे उघडल्याबरोबर परीक्षा. लाल दाखव, हिरवा दाखव, निळा दाखव. पास झालो तसं मला थर्माकोलमध्ये निजवलं, आणि जाग आली ती थेट दुकानात. तिथे भिंतभर आम्ही भावंडं एकच मासा पोहवत होतो. गिऱ्हाईकं यायची, माशाचं कौतुक करायची, किंमत विचारायची आणि “घरचा अजून बरा चालतोय” म्हणत निघून जायची.

सासरे मात्र थांबले. घरात नुकतं मुलाचं लग्न झालं होतं, आणि जुना टीव्ही माणसांची तोंडं जांभळी दाखवू लागला होता. अशा रीतीने सूनबाई आणि मी एकाच आठवड्यात या घरात आलो. दोघांनाही सगळे जपून वागवत. माझ्या कडेचं प्लास्टिक कुणी काढेना आणि तिच्याशी कुणी भांडेना.

ती बोलायची मोजकंच. ‘हो’, ‘चालेल’, ‘नको, पोट भरलं’. एवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मी आलो त्याच संध्याकाळी घोटाळा झाला. सासरे चॅनेल पुढे ढकलत होते. मधेच चष्मा सापडेना, म्हणून त्यांचा हात थांबला तो नेमका एका मोठ्या नाट्यगृहावर. निळ्या मखमलीतली एक भरदार बाई छातीवर हात ठेवून गात होती. ऑपेरा, म्हणजे साहेबांचं संगीत नाटक. तेवढ्यात मुलाने बायकोला हाक मारली, “ये ना बघायला. कसा आहे?”

तिने मला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “छान आहे.”

ते दोन शब्द माझे होते. पण टीव्ही पुल्लिंगी आणि ऑपेराही पुल्लिंगी, त्यामुळे माझं कौतुक त्या मखमलीच्या खात्यात जमा झालं. सासऱ्यांनी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी मुलाकडे. लग्नाच्या बैठकीत ‘गाण्याची आवड आहे का’ विचारल्यावर पोरगी ‘आहे’ म्हणाली होती, ती ही आवड तर.

दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी लागली. त्या चॅनेलने सुट्टीभर रोज संध्याकाळी काहीतरी भारी दाखवायचा विडा उचलला होता. आज वाद्यवृंद, उद्या ऑपेरा. सासऱ्यांनी आपल्या कुस्त्या सोडल्या. सासूबाईंच्या मालिकेतल्या नायिकेची स्मृती परत यायच्या बेतात होती, ती त्यांनी तशीच वाऱ्यावर सोडली. “चला, सुरू झालं,” असं सासरे सगळ्यांना बोलवायचे, इंजेक्शनसाठी नाव पुकारावं तसं.

आणि ती? ओटा पुसून, हात कोरडे करून यायची आणि सोफ्याच्या टोकाला ताठ बसायची, परीक्षेला बसल्यासारखी. एकदा फोनवर बहिणीशी कुजबुजत होती. “अगं, फार वरच्या दर्जाची माणसं आहेत. रोज ऑपेरा बघतात. मला जांभया आवरत नाहीत, पण सगळे एवढे रंगलेले असताना उठू कशी?”

म्हणजे चार माणसं रोज एकमेकांसाठी बसत होती, आणि माझ्याकडे मनापासून कुणीच बघत नव्हतं. आमच्या जातीला ही सवय असते. तरी वाईट वाटतं.

पहिल्या वाद्यवृंदाला वादन थांबल्याबरोबर सासऱ्यांनी टाळ्या पिटल्या, तर मंडळी पुन्हा वाजवायला लागली. “फसवलं लेकाच्यांनी,” ते पुटपुटले. तेव्हापासून ते सुनेच्या हातांकडे बघत. सून त्यांच्या हातांकडे बघे. आमच्या घरी टाळ्या कधी वाजल्याच नाहीत. मुलगा उशी पोटाशी धरून उघड्या डोळ्यांनी झोपायचा. ही कला तो ऑफिसात शिकला असावा.

आणि आज सुट्टीचा शेवटचा ऑपेरा. पण खाली अक्षरं येत होती, त्यामुळे याची गोष्ट कळत होती. एका मुलीचं लग्न ठरतं, घरी काका, मैत्रीण, सगळे मेजवानीला जमतात, आणि कुणीतरी तिच्या प्याल्यात विष घालतं. प्याला रिकामा करून ती गायला उभी राहते.

“विष पिऊन एवढा दम?” सासरे म्हणाले. “मी जिना चढून आलो की मला पाणीसुद्धा मागता येत नाही.”

“काकानेच घातलंय,” सासूबाई म्हणाल्या. “मिशा बघा त्याच्या.”

मुलाने उशी खाली ठेवली. सूनबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात मध्यंतर झालं. ती चहाला गेली. सासूबाईंनी डोक्याला आराम म्हणून मला बंद केलं आणि ते वाक्य बोलल्या.

दारात तिचा चेहरा आधी उतरला. मग हळूहळू ओठ आत ओढले गेले. ती हसू दाबत होती. आल्या पावली ती मागे गेली आणि चपला वाजवत पुन्हा आत आली.

चहा झाला. मला चालू केलं. सासरे मायेने म्हणाले, “पुढच्या सुट्टीतही लावू हं, तुझ्यासाठी.”

माझ्या काळजात धस्स झालं. ती आता ‘चालेल’ म्हणाली, तर जन्मभर चालेल. दर सुट्टीला चौघं अशीच ताठ बसणार, आणि या घरात कुणी कुणाला खरं काही सांगणार नाही. माझ्यात हजार आवाज आहेत, पण स्वतःचा एकही नाही. नाहीतर मीच ओरडलो असतो. तुमच्याही घरी टीव्हीसमोर कुणी कुणासाठी जांभया गिळत असेल, तर बाबांनो, एकदा विचारून घ्या.

पडदा वर गेला. काका मिशा पिळत आला. “बघ, सांगितलं नव्हतं?” सासूबाई सुनेला म्हणाल्या.

सूनबाईने कप खाली ठेवला.

“बाबा, मला ऑपेरा आवडत नाही. त्या दिवशी मी टीव्हीला छान म्हणाले होते. उद्यापासून तुमच्या कुस्त्या लावा. पण हा आता अर्धवट सोडायचा नाही. आणि आई, काकाने नाही, विष त्या मैत्रिणीने घातलंय, लावा पैज. थोडं सरका बघू तिकडे, मला पाय वर घेऊन बसायचंय.”