बकुळाच्या बेचाळीस चाली

"भावजी, वाळवी लागली ओ!" मथुरावहिनी कपाटासमोरून ओरडल्या, तेव्हा मी चहा गाळत होतो.

माझी बायको बकुळा जाऊन सात महिने झाले होते. तिने भजनी मंडळासाठी बांधलेल्या बेचाळीस चालींची वही अर्धी वाळवीने खाल्ली होती. सात महिन्यांत मी ते कपाट उघडलं नव्हतं. पंधरा दिवसांनी वेळणेश्वरला स्पर्धा होती.

"आता गायचं काय? कप्पाळ?" वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "उरलंय ते कॉम्प्युटरवर उतरवतो. खाल्लेलं तुम्ही गाऊन भरा."

मला संगीतातलं काही कळत नाही. मी कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट होतो. पहिल्या दिवशी स्वरलिपीच्या प्रोग्राममध्ये माउसने एकेक स्वर उचलून ओळीवर ठेवत बसलो. संध्याकाळपर्यंत दीड ओळ झाली.

मुंबईहून सलोनीचा फोन आला. "बाबा, माउस सोडा. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टाइप करा. सा म्हणजे एस, रे म्हणजे आर. कोमल असेल तर मोठं अक्षर. स्वर लांबवायचा तर आडवी रेघ. ओळ परत आली की कॉपी करून चिकटवा. त्यावरून स्वरलिपी तो प्रोग्रामच काढून देईल."

"नुसतं टाइप करायचं?"

"नुसतं."

मग मला कोण अडवणार? मथुरावहिनी समोर बसून "सा, सा, रे, थांबा ओ, श्वास घेऊ द्या" करायच्या आणि मी त्यांच्या पुढे असायचो. सहा दिवसांत एक्केचाळीस चाली झाल्या.

कोर्टात शिस्त एकच होती. मूळ कागदात असेल तसं उतरवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मंडळातल्या सातही बायकांना प्रती वाटल्या. तालीम सुरू झाली आणि तिसऱ्या पानावर मथुरावहिनी थांबल्या.

"ह्ये काय? 'इथे मथुरा बेसूर होते. डोळे वटारणे.'"

गोदा हसून पेटीवरच पडली.

"तू काय दात काढतेस? खाली वाच. 'गोदाला पेटी हळू वाजवायला सांगणे. ऐकत नाही.'"

"मूळ वहीत होतं," मी म्हणालो.

"म्हणून सात प्रतींत छापायचं?"

मग वहिनींनी डोळे पुसले. "मेली गेली तरी डोळे वटारतेय," म्हणाल्या आणि ती ओळ पुन्हा गायल्या. या वेळी सुरात. गोदाची पेटीही हळू वाजली.

निघताना त्यांनी विचारलं, "बेचाळिसावी ओ?"

ती बकुळाने शेवटच्या आठवड्यात बांधली होती. वहीत ध्रुवपद तेवढं आहे. अंतरा तिने स्वयंपाकघरातून गाऊन दाखवला होता, फक्त मला. मी टीव्हीवर बातम्या बघत होतो. "छान आहे," असंही म्हणालो होतो.

स्पर्धेला आता आठ दिवस आहेत. बेचाळिसाव्या चालीचा अंतरा टाइप करायचा राहिला आहे.